दादाच्या नावाचं सूप

वैनी, कावळा लगेच शिवला.

भटजी तुझ्या दहाव्याचे पिंड ठेवून मागे सरकले न सरकले, तोच तो बांधावरच्या उंडीच्या झाडावरून खाली उतरला आणि भाताला चोच लावून मोकळा झाला. आम्ही सगळे मोठ्या तयारीनं गेलो होतो. खालच्या घरचे बाबीकाका छत्री आणि पानाची चंची घेऊन आले होते. भटजींनी आदल्या दिवशीच मला बजावलं होतं, "मास्तर, प्यायचं पाणी बरोबर घ्या. बाईचं मन नवऱ्यात अडकलेलं असणार. दुपार होईल." सगळ्यांचा अंदाज तोच होता. काका तर कावळ्याला काय कबूल करायचं तेही ठरवून बसले होते. "दादाला शोधून आनतो, असा म्हन. मग शिवता की नाय बघ."

मी दुसरंच काही ठरवून गेलो होतो. कावळा अडेल, लोक माझ्याकडे बघतील आणि मग मला चारचौघांत मोठ्यानं बोलावंच लागेल, असं मी धरून चाललो होतो. माझ्यासारख्या माणसाला तोंड उघडायला काहीतरी अडावं लागतं. तू अडली नाहीस. मी हात जोडायच्या आत सगळं झालं. काकांनी अर्धी सोडलेली चंची पुन्हा गुंडाळली. मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडं फसल्यासारखंही वाटलं. तिथे बोलायचं राहिलं ते इथे लिहितो आहे.

गवरीच्या ओवशाचं बोलायचं होतं. तुला तो नव्यानं सांगायला नको, पण मास्तरकीत सगळं पहिल्यापासून सांगायची खोड लागते. सासुरवाशिणीनं राजापूरच्या बाजारातली नवी सुपं आणायची, त्यांना हळदकुंकू लावायचं, सूत गुंडाळायचं, पानं, फळं, नारळ, सुपारी भरायची. गवरीपुढे ती ओवाळायची आणि मग घरातल्या एकेकाच्या हातात द्यायची. एक सासूचं, एक जावेचं, एक नवऱ्याचं. आपल्या घरची पुरुषमाणसं पूर्वी गलबतावर असायची. म्हणून आपल्याकडे आणखी एक रीत पडली. माणूस घरी नसला तर त्याच्या नावाचं सूप दुसऱ्यानं घ्यायचं आणि घेताना म्हणायचं, "ज्याचं त्याला पोचलं."

दादा मुंबईला गिरणीत लागला. सुरुवातीला दर गणपतीला जैतापूरच्या बंदरावर आगबोटीतून उतरायचा, तुझ्या हातचं सूप घ्यायचा आणि गवर गेली की परत जायचा. मग एका वर्षी आला नाही. मी नुकताच आपल्या गावच्या शाळेवर रुजू झालो होतो. आई म्हणाली, "सदा, तू उबा ऱ्हा." मी धुतलेलं धोतर नेसून तुझ्यासमोर हात पसरून उभा राहिलो. तू सूप दिलंस. मी म्हटलं, "ज्याचं त्याला पोचलं." आणि तुला धीर यावा म्हणून वर माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं, "पुढल्या वर्षी येईल तो."

ते वाक्य मी पुढे बरीच वर्षं म्हणत राहिलो. दादानं परळला दुसरं बिऱ्हाड केलं आहे, हे बोटीवरून आलेल्या माणसांनी सगळ्या गावाला सांगितलं होतं. घरात मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. तुलाही ते ठाऊक असणारच, पण कुणी तुझ्यापुढे बोललं नाही आणि तूही विचारलं नाहीस. तू सोमवार धरलेस. ग्रामदेवीला नवस बोललीस. नाटे गावच्या वाटेवरच्या पिराला गुपचूप फूल वाहिलंस, तेही मी पाहिलं होतं. त्यातला एकही नवस फेडायची वेळ तुझ्यावर आली नाही. तू बारीक होत गेलीस, बोलणं कमी झालं. आम्ही म्हणायचो, वैनी किती शांत आहे.

त्या दिवसांतलं तुझं मन कसं असेल, याचा विचार मी केला नाही असं नाही. पण तुझ्यासाठी काही करायचं म्हटलं की मला एवढंच सुचायचं: वर्षातून एकदा हात पसरून उभं राहायचं आणि तेच वाक्य म्हणायचं.

मग एका उन्हाळ्यात आपला गडी तापानं पडला आणि नारळाची सोडणं खाडीवर पोचवायला तू गेलीस. खाडीच्या चिखलात सोडणं पुरून ठेवायची, महिनोन् महिने कुजवायची, काढून मोगरीनं कुटायची आणि मग त्या काथ्याचं सुंभ वळायचं. हे काम करायची भागी. तिचा नवरा होडीतून गेला तो परत आला नव्हता, आणि खाडीकाठच्या झोपडीत ती एकटीच राहायची. तू सकाळी गेलीस ती उन्हं उतरताना परत आलीस. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला कुजट वास, आणि मागीलदारी पाय धुताना तू आपल्याशीच हसत होतीस. तुझं हसू मी किती वर्षांनी ऐकत होतो. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर 'कुणाबरोबर हसून आली ही?'

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मला भागीचा मत्सर वाटला. ज्या जागी मी वर्षातून एकदा उभा राहत होतो, तिथे कुणीतरी रोज उभं राहायला लागलं होतं.

भागी तुला चंदे म्हणायची. मी एकदा शाळेतून येताना बांधावरून ते ऐकलं. तू कुटत होतीस, ती वळत होती. "चंदे, ह्यो पीळ बघ, तुज्या सासूच्या बोलन्यासारका झाला." आणि तुम्ही दोघी हसत सुटलात. लग्नात आपल्या घरानं तुझं नाव पार्वती ठेवलं. माहेरचं नाव चंद्रा होतं, हे मी विसरूनही गेलो होतो. ते नाव घेऊन तुला हाक मारायचा हक्क तू तिला दिला होतास.

मग ती गवर आली. रत्नागिरीकडे तेव्हा सभा होत होत्या, सहभोजनं होत होती. मास्तरांच्या बैठकीला गेलो की मी ते सगळं भारल्यासारखा ऐकून यायचो आणि ओटीवर बसून लोकांना सांगायचो. विधवांना मान मिळायला हवा, हेही सांगायचो. त्या दिवशी भागी आली आणि ओटीपुढच्या खळ्यात मांडवाच्या कडेला उभी राहिली, लांबून गवर बघायला. तू सासूचं सूप दिलंस, जावेचं दिलंस. मग दादाच्या नावाचं सूप उचललंस. मी हात पसरले. तू माझ्या अंगावरून सरळ पुढे गेलीस, ओटीच्या पायऱ्या उतरलीस आणि ते भागीच्या हातात ठेवलंस.

आई म्हणाली, "सदा." एवढंच. आणि मी, सभेतून भाषणं ऐकून आलेला मास्तर, खळ्यात उतरलो आणि भागीच्या हातातून सूप काढून घेतलं. तिनं ते जराही धरून ठेवलं नाही. एवढं सहज सोडलं की मला वाटलं, कुणी काही दिलं तर ते धरून ठेवायचं असतं हे तिला माहीतच नसावं. आणि मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ज्याचं त्याला पोचलं."

तू वर आलीस, पानं वाढलीस, सगळ्यांना आग्रह केलास. पानं उचलून झाल्यावर मागीलदारी मला गाठलंस.

"मास्तर, सूप कुनाचा?"

"दादाचं."

"दादान कदी विचारल्यान, माजा सूप कोन घेता म्हनून?"

"प्रश्न दादाचा नाही, वैनी. रीतीचा आहे. आणि भागी विधवा आहे."

"आनि मी कोन हाय?"

मी म्हणालो, आईच्या जिवाला लागलं असतं. तू म्हणालीस, "तू सभेत ऐकतोस ता घरी येईस्तोवर वाटेत सांडता वाटता." मग भांडी उचलता उचलता म्हणालीस, "ज्यान माजा वरीस निभावला त्याचा ता सूप. तू काय म्हनायचा ता म्हन."

हे भांडण आपण पुरं केलं नाही. पुढच्या वर्षापासून तू सूप मुकाट्यानं माझ्याच हातात देऊ लागलीस. मी ठरलेलं वाक्य म्हणायचो. 'पुढल्या वर्षी येईल' हे मात्र त्यानंतर कधी म्हणालो नाही. आईनं भागीला घराची पायरी बंद केली. मीही तोंड उघडलं नाही. शाळेत मुलांना निबंध घालताना, भात झोडपताना, अंघोळीच्या वेळी मी तुझ्याशी मनात वाद घालत असे. प्रत्येक वेळी मी जिंकायचो. मग तू चुलीपुढे बसलेली दिसायचीस आणि मी हरायचो.

यंदा श्रावणात तुझं दुखणं कळलं. पोटात गाठ होती. राजापूरच्या डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन मान हलवली. तू अन्न सोडलंस. मी औषधाच्या बाटल्या आणत होतो आणि तू त्या उशाशी ओळीनं मांडून ठेवत होतीस. शेवटी तुझी जाऊ, माझी बायको, मला म्हणाली, "जाऊबाईंना औषध नको आहे. भागी हवी आहे. सगळ्या घराला कळतंय, तुम्हांला कसं कळत नाही?"

मला कळत होतं. खाडीवर जायचं मी टाळत होतो, त्या दिवशी गेलो.

भागी कुटत बसली होती. मला बघून तिनं हात थांबवला नाही.

"भागी, वैनीनं बोलावलंय."

"तिनं बोलावला, की तुमी?"

मी म्हणालो, "मी."

मग मोगरी थांबली. "कुठल्या दारानं येऊ?"

"पुढल्या."

तिनं हात धुतले, लुगड्याला पुसले, आणि माझ्या पुढेच चालू लागली. ओटीवर आई बसली होती. तिला आता माणसाची फक्त सावली दिसते. "कोन आला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, भागी. आई म्हणाली, "पाय धू म्हनावा. काथ्याचा वास येतो."

त्या दिवसापासून तू पेज घेऊ लागलीस. मी ओटीवर वह्या तपासत बसायचो आणि आतलं सगळं ऐकू यायचं.

"चंदे, गिळ. नायतर नाक दाबून ओतीन."

"तुज्या हाताला वास येता. पेज बाटली."

"बाटली तर बाटली. तुजा धरम खाडीत पुरून ठेवते. सा म्हयन्यांनी काढू, चांगला मऊ होईल."

"सा म्हयने हायेत कुठं माज्याकडं?"

"मग बिगीबिगी कुजव."

आणि तुम्ही हसायचात. तू पोट धरून हसायचीस, दुखायचं म्हणून कण्हायचीस आणि पुन्हा हसायचीस. मरणाच्या दारातल्या बाईशी असं बोलतात काय, असं मला वाटायचं. आणि तुझ्याशी इतकं खरं आम्ही कुणी कधी बोललो नाही, हेही वाटायचं.

तिथेच बसल्या बसल्या मला आणखी एक कळलं. तुमच्या बोलण्यात गेल्या शिमग्यातलं भांडण होतं. दोन पावसांपूर्वी भागीचं छप्पर उडालं ते तुम्ही दोघींनी शाकारलं होतं. उन्हाळ्यातले फणस होते. म्हणजे आम्ही पायरी बंद केली, तरी तुमचं काहीच बंद झालं नव्हतं. तू सोडणं घेऊन जात राहिलीस आणि ती तुला चंदे म्हणत राहिली. मी इतकी वर्षं ज्या मोडल्या मैत्रीचं पाप उरावर वाहत होतो, ती मोडलीच नव्हती. मी वही मिटली. माझा अपराध तेवढ्यानं कमी झाला नाही, पण तुझं आयुष्य मी समजत होतो त्याहून भरलेलं निघालं. आणि खरं सांगतो, मला माझ्या अपराधापेक्षा त्याचंच जास्त वाटलं.

एकदा संध्याकाळी भागी पाणी आणायला गेली असताना मी तुझ्याजवळ येऊन बसलो. काहीतरी बोलायचं होतं. तू म्हणालीस, "सदा, तू वाईट नायस. तू उगाच मदी उबा ऱ्हातोस." इतकंच. मास्तर नाही म्हणालीस, सदा म्हणालीस. पुढे तू डोळे मिटलेस, आणि मी माझं बोलणं घेऊन तसाच उठलो.

गवर आली. तुला उठवत नव्हतं. तुझ्या जावेनं तुझी सुपं भरली. आम्ही तुला खांबाला टेकवून बसवलं. तू आईचं सूप दिलंस, जावेचं दिलंस. मग दादाच्या नावाचं सूप मांडीवर घेतलंस. या वेळी मी हात पसरले नाहीत. मी ओटीवरून खाली उतरलो आणि खळ्यात, मांडवाच्या कडेला, जिथे तेव्हा भागी उभी होती तिथे जाऊन उभा राहिलो.

तुझ्या शेजारी बसलेल्या भागीच्या ते ध्यानात आलं आणि ती मागे सरली. "चंदे, नको. गवर बघतेय."

"बघूंदे," तू म्हणालीस. "ती तरी काय, नवऱ्याला सोडून तीन दिसांसाटी आलीय. तिला कळता सगळा."

सगळ्यांच्या नजरा आईकडे गेल्या. आईनं आपलं सूप मांडीवर नीट सारखं केलं आणि मान दुसरीकडे वळवली. "मला काय दिसत नाय," ती म्हणाली. "तुमी काय ता करा."

तू सूप भागीच्या हातात ठेवलंस. या वेळी तिनं ते घट्ट धरलं. इतकं घट्ट की कडेची बांबूची पट्टी कुरकुरली. घरची रीत अशी की आता कुणीतरी म्हणायला हवं होतं. ते म्हणायचं काम इतकी वर्षं माझंच होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, तूही बघत होतीस. माझ्या तोंडून वाक्य बाहेर आलं नाही. तू थोडा वेळ वाट पाहिलीस आणि मग डोळे मिटून खांबाला मान टेकलीस.

आश्विनात एका सकाळी तू गेलीस. हात भागीच्या हातात होता. दादाला निरोप धाडला होता, तो आला नाही. तुला हिरवं लुगडं नेसवलं, बायकांनी ओटी भरली. भागी दाराबाहेर उभी होती. तुझी जाऊ तिला हाताला धरून आत घेऊन गेली, आणि कुणी काही म्हणालं नाही. खाडीवर अग्नी द्यायला दादाच्या जागी मी उभा राहिलो. ती जागा मी फार वर्षं सांभाळली, वैनी. त्या दिवशी ती संपली, आणि मला दुःखाबरोबर ओझं उतरल्यासारखंही वाटलं.

आता दहाव्याचं. पिंड ठेवले तिथून भागीची जागा लांब नाही. ती कुटत होती. भटजींचे मंत्र चालू होते आणि मधून मधून मोगरीचा आवाज येत होता. बाबीकाका वैतागून म्हणाले, "आजचा दिवस तरी." मी म्हणालो, चालू दे. मग कावळा उतरला, आणि त्याच क्षणी मोगरी थांबली. ती कुटता कुटता इकडेच बघत होती.

सगळे घरी निघाले. मी मागे राहिलो आणि चिखलातून तिच्याकडे गेलो. तिच्या झोपडीच्या कुडाला सूप टांगलेलं होतं. कुंकू पुसट झालं होतं आणि कडेला भाताचा कोंडा लागला होता. ती त्यात रोज पाखडते.

"भागी," मी म्हणालो, "ज्याचं त्याला पोचलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "गवरीच्या दिशीच पोचला, मास्तर. तुमी आता उन्हात उबे ऱ्हाऊ नका." आणि मोगरी उचलली.

मी घाटी चढून घरी आलो. आवाज मागून येतच होता. आई ओटीवर वाट बघत बसली होती.

"शिवला?"

"लगेच."

"काय कबूल केलास तिला?"

"काही नाही, आई. कुणी काही विचारलंच नाही."

आईनं बराच वेळ मान हलवली. "मग बरी गेली," ती म्हणाली.